अपग्रेडनंतर सर्व्हर चालू, पण सेवा बंद: तपासणी कुठून सुरू करायची

आधी लक्षणं. अपग्रेड संपलं, मशीन रीबूट झालं, आणि आता यातलं काहीतरी दिसतंय:

- पिंगला उत्तर येतं, पण वेबसाइट उघडत नाही. किंवा उघडते आणि ५०२ दाखवते.
- एसएसएच (दुरून मशीनवर लॉगिन करायची सोय) ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणतं, नाहीतर काहीच न म्हणता लटकून राहतं.
- आयपी पत्त्याने सगळं पोचतं, नावाने काहीच पोचत नाही.
- मशीन स्वतः इंटरनेटवर जातं, पण त्याच्यामागची मशीन्स जात नाहीत.
- सेवा हाताने सुरू केली की चालते, रीबूट केलं की पुन्हा बंद.
- मशीन नेटवर्कवर दिसतच नाही.

लिनक्स सर्व्हरवरचा हा बिघाड मी इतक्या वेळा निस्तरलाय की फोन आला की समोरच्याची पहिली दोन वाक्यं मला पाठ असतात. पहिलं, ‘नेटवर्क गेलं.’ दुसरं, ‘कॉन्फिगला तर मी हातही लावला नाही.’ पहिलं बहुतेक वेळा चूक असतं. दुसरं मात्र खरं असतं, आणि गोम तिथेच असते. फाईल जागेवर असते, मजकूर बरोबर असतो, फक्त अपग्रेडनंतर ती फाईल वाचणारं कोणी उरलेलं नसतं. त्यामुळे ‘फाईलमध्ये काय लिहिलंय’ यापेक्षा ‘आता ती वाचतंय कोण’ हे विचारलं की उत्तर लवकर सापडतं.

उदाहरणं डेबियन आणि उबंटू या लिनक्सच्या प्रकारांची आहेत, माझा हात तिथेच बसलाय. आज्ञा मी फोनवर सांगतो तशा, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना सगळी अक्षरं लहान, वेगळं सांगितलं असेल तेवढं सोडून.

काहीही करण्याआधी

एसएसएचचं एखादं सत्र अजून उघडं असेल तर ते बंद करू नका. एसएसएच सेवा रीस्टार्ट केली तरी आधीपासून जोडलेलं सत्र सहसा तुटत नाही. दार बाहेरून लागलेलं असताना आत असलेला तो तुमचा एकच माणूस आहे. नवीन जोडणी जमते का हे दुसऱ्या खिडकीतून बघा.

पुन्हा रीबूट करून बघण्याचा मोहही आवरा. अर्धवट बसलेल्या पॅकेजांवर रीबूट मारलं की जे मशीन निदान उभं होतं ते तेवढंही राहत नाही.

१. नेमका कोणता शब्द आला?

ही तपासणी फुकट आहे, सर्व्हरवर लॉगिनही लागत नाही, आणि निम्मं काम इथेच होतं. तरी लोक एरर वाचत नाहीत, ‘कनेक्ट होत नाही’ एवढंच सांगतात. कनेक्ट न होण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाची वाट वेगळी.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ ही खरं तर चांगली बातमी. तुमचं पॅकेट तिथपर्यंत गेलं आणि ‘या पोर्टवर कोणी ऐकत नाही’ असं उत्तर घेऊन परत आलं. म्हणजे केबल, रूट, पत्ता सगळं ठीक. सेवा पडली आहे किंवा भलत्याच पोर्टवर ऐकते आहे. (फायरवॉलमध्ये रिजेक्टचा नियम असेल तरी काही वेळा हेच उत्तर येतं, पण आधी सेवेकडेच बघा.)

‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे उत्तरच आलं नाही. फायरवॉल पॅकेट गुपचूप गिळते आहे, किंवा जाण्याची नाहीतर परतीची वाट चुकली आहे. इथे सेवा दहा वेळा रीस्टार्ट करून काही हाती लागत नाही.

‘नो रूट टू होस्ट’ आलं तर पत्ता किंवा इंटरफेस बघा. ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्युशन’ आलं तर डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी व्यवस्था), बाकी कशाला हात लावू नका. आणि ५०२ म्हणजे वेब सर्व्हर ठणठणीत आहे, त्याच्या पाठीमागचा पीएचपी किंवा ॲप्लिकेशनचा प्रोसेस त्याला सापडत नाहीये.

मिळालेला शब्द जसाच्या तसा लिहून ठेवा. पुढे कोणाला बोलवायची वेळ आली तर त्याचा पहिला प्रश्न हाच असणार.

२. जागा उरली आहे का?

‘डीएफ -एच’ आणि लगेच ‘डीएफ -आय’. दुसरी बहुतेक जण विसरतात. डिस्कवर कितीतरी जीबी रिकामे दिसतात आणि आयनोड (प्रत्येक फाईलमागे एक लागणारी नोंद) संपलेले असतात. तेव्हाही एरर तोच, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’.

‘/बूट’ वेगळ्या विभाजनावर असेल तर तो आधी बघा. प्रत्येक नव्या कर्नलबरोबर तिथे एक इनिटरॅमएफएस प्रतिमा (बूटच्या सुरुवातीला लागणारी फाईल) तयार होते. जुने कर्नल साचलेले असले की ती अर्ध्यात अडकते, आणि पाठोपाठ सगळं अपग्रेड ‘अर्धवट कॉन्फिगर’ या अवस्थेत लोंबकळतं. जुने कर्नल काढा, पण आधी ‘यूनेम -आर’ चालवून सध्याचा कोणता ते बघा. तो आणि त्याच्या आधीचा एक ठेवा. फाईली ‘आरएम’ने उडवू नका, पॅकेज व्यवस्थापकाकडूनच काढा, नाहीतर त्याच्या हिशोबात त्या अजून आहेतच.

३. अपग्रेड खरंच पूर्ण झालं का?

‘डीपीकेजी --ऑडिट’ काहीच छापत नसेल तर पुढे चला. काही छापलं तर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि मग ‘एपीटी -एफ इन्स्टॉल’, याच क्रमाने. ‘एपीटी-मार्क शोहोल्ड’सुद्धा बघा. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी धरून ठेवलेलं एक पॅकेज सगळ्यांची वाट अडवून बसलेलं असतं आणि ते कोणाच्या लक्षातही नसतं.

डेबियनमध्ये मधली आवृत्ती वगळून उडी मारायला आधार नाही. ११ वरून १३ ला जायचं तर वाटेत १२ लागतंच. कोणी सरळ उडी मारली असेल तर पुढच्या तपासण्यांत फार वेळ घालवू नका. शेवटचा भाग वाचा.

४. सेवा पडली आहे की भलतीकडे ऐकते आहे?

‘सिस्टिमसीटीएल --फेल्ड’ म्हणजे पडलेल्यांची यादी. मग त्यातल्या एकेकासाठी ‘जर्नलसीटीएल -यू’, सेवेचं नाव, ‘-बी’. ‘-बी’मुळे फक्त या बूटच्या नोंदी येतात, गेल्या महिन्याचं पुराण येत नाही. नोंदी वरून खाली वाचा. शेवटची ओळ बहुतेक वेळा ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ असते आणि लोक तीच शोधत बसतात. ती फक्त सांगते की सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीने कंटाळून प्रयत्न सोडला (मूळ मर्यादा १० सेकंदांत ५ वेळा). खरं कारण तिच्या वर, पहिल्या प्रयत्नाच्या नोंदीत असतं.

‘/वार/लॉग’मध्ये सिसलॉगची फाईलच नाही म्हणून घाबरू नका. डेबियन १२ पासून नव्या बसवणीत आरसिसलॉग (लॉग फाईली लिहिणारा प्रोग्राम) आपोआप येत नाही, सगळं सिस्टिमडीच्या जर्नलमध्ये जातं. लॉग बघून हल्लेखोरांना रोखणाऱ्या फेलटूबॅनसारखी जी साधनं जुनी लॉग फाईल शोधतात ती याच कारणाने सुरू व्हायला नकार देतात. त्यांना बॅकएंड सिस्टिमडी आहे असं सांगावं लागतं.

रीस्टार्ट करण्याआधी सेवेलाच तिचं कॉन्फिग तपासायला लावा: ‘एनजिनएक्स -टी’, ‘अपाचीसीटीएल कॉन्फिगटेस्ट’, ‘एसएसएचडी -टी’, ‘नेम्ड-चेककॉन्फ’. ओळ क्रमांकासकट चूक सांगतात. आणि ‘/ईटीसी’मध्ये ‘.डीपीकेजी-डिस्ट’ व ‘.डीपीकेजी-ओल्ड’ शेपटीच्या फाईली शोधा. अपग्रेडच्या वेळी ‘जुनी फाईल ठेवू की नवी घेऊ’ या प्रश्नावर घाईत एंटर दाबलेलं असतं. नाकारलेली किंवा बदललेली फाईल या शेपट्यांनी शेजारीच पडलेली असते. ‘डिफ’ लावला की फरक समोर.

सेवा चालू दिसत असेल तर ‘एसएस -एलटीएनपी’. पत्त्याचा रकाना नीट वाचा. १२७.०.०.१ असेल तर सेवा फक्त स्वतःशीच बोलते आहे, ०.०.०.० असेल तर सगळ्यांशी. सर्व्हरवरूनच ‘कर्ल -आय’ मारून बघा. आतून उत्तर येतं आणि बाहेरून येत नाही, तर सेवेला दोष देणं थांबवा आणि थेट सातव्या पायरीवर जा.

५. फाईल तीच, वाचणारा बदलला

माझ्याकडे येणारी बहुतेक प्रकरणं इथे संपतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

*नावं सापडत नाहीत.* डेबियन १२ मध्ये सिस्टिमडी-रिझॉल्व्हड (नावं शोधणारी सिस्टिमडीची सेवा) वेगळ्या पॅकेजमध्ये गेलं आणि अपग्रेडमध्ये ते आपोआप येत नाही. जिथे ते वापरात होतं तिथे ‘/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’ ही नुसती दुवा-फाईल असते, आणि तिचं दुसरं टोक आता हवेत लटकतंय. ‘एलएस -एल’ने लगेच कळतं. गंमत अशी की पॅकेज आणायला डीएनएस लागतं आणि डीएनएसला ते पॅकेज. तात्पुरता दुवा काढा, साध्या फाईलमध्ये ‘नेमसर्व्हर’ आणि तुमच्या डीएनएस सर्व्हरचा आयपी अशी एक ओळ लिहा, पॅकेज बसवा. उलटं प्रकरणही होतं: रिझॉल्व्हड १२७.०.०.५३ च्या पोर्ट ५३ वर बसलेलं असतं आणि डीएनएसमास्क या दुसऱ्या डीएनएस सर्व्हरला सगळे पत्ते हवे असतात. मग ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’. दोघांपैकी एकाला उठवावं लागतं.

*मागची मशीन्स बाहेर जात नाहीत.* डेबियन १३ मध्ये सिस्टिमडी बूटच्या वेळी ‘/ईटीसी/सिससीटीएल.कॉन्फ’ वाचत नाही. राउटर म्हणून वापरलेल्या मशीनवर ‘नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड’ची, म्हणजे इतरांची पॅकेट पुढे पाठवण्याची, ओळ वर्षानुवर्षं त्याच फाईलमध्ये असते. यातला फसवा भाग असा की हाताने ‘सिससीटीएल -पी’ मारलं की ती फाईल वाचली जाते आणि सगळं सुरळीत होतं. माणूस समाधानाने झोपतो, पुढच्या रीबूटला पुन्हा तेच. ओळ ‘/ईटीसी/सिससीटीएल.डी’मध्ये ‘.कॉन्फ’ शेपटीच्या फाईलत हलवा.

*५०२.* डेबियन ११ मध्ये पीएचपी ७.४, १२ मध्ये ८.२, १३ मध्ये ८.४. एनजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये पीएचपीशी बोलायच्या सॉकेटच्या मार्गात हा आकडाच लिहिलेला असतो. ‘/रन/पीएचपी’मध्ये खरंच काय आहे ते बघा, तो आकडा बदला, ‘एनजिनएक्स -टी’, रीलोड. पाच मिनिटांचं काम. जुनं पीएचपी मागे राहिलं असेल तर सगळं चालू राहतं आणि आठवड्याने ‘ऑटोरिमूव्ह’ चालवल्यावर पडतं; तेव्हा अपग्रेडशी त्याचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही.

*एसएसएचचं पोर्ट.* उबंटू २२.१० पासून पोर्टवर सिस्टिमडीचं सॉकेट युनिट ऐकतं. कॉन्फिगमध्ये पोर्ट बदलून नुसती एसएसएच सेवा रीस्टार्ट केली तर जुनंच पोर्ट राहतं. ‘डेमन-रीलोड’ करून ‘एसएसएच.सॉकेट’ रीस्टार्ट करावं लागतं. शिवाय एसएसएचडी एकाच पर्यायाची पहिली किंमत धरतो, शेवटची नाही. ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ फोल्डर मुख्य फाईलच्या डोक्यावर जोडलेलं असल्याने तिथली एखादी लहानशी फाईल तुमच्या मुख्य फाईलवर मात करते. ‘एसएसएचडी -टी’मधला टी मोठा लिहिला तर प्रत्यक्षात लागू होणाऱ्या किमती छापून येतात.

जुन्या स्विचला किंवा उपकरणाला जोडताना ‘नो मॅचिंग होस्ट की टाइप फाउंड’ आलं तर तो वेगळा प्रकार: ओपनएसएसएच ८.८ ने (सप्टेंबर २०२१) शा-१ ही जुनी पद्धत वापरणाऱ्या आरएसए सह्या मुळातच बंद केल्या. त्या एका उपकरणापुरता अपवाद लिहा, सगळ्यांसाठी दार उघडू नका.

*डेटाबेस.* पोस्टग्रेस डेबियन १२ मध्ये १५ आणि १३ मध्ये १७. अपग्रेडने जुना क्लस्टर (डेटाबेसांचा संच) हलत नाही. शेजारी नवा, रिकामा क्लस्टर ५४३३ वर उभा राहतो, जुना ५४३२ वरच असतो. ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ दोन्ही दाखवतं. कोणी ‘आपली टेबलं गेली’ म्हणून ओरडत असेल तर बहुधा तो चुकीच्या पोर्टवर आहे. बॅकअप हातात नसेल तर इथे एवढं बघून थांबा.

६. इंटरफेसचं नाव

मशीन नेटवर्कवर दिसतच नसेल तर कन्सोलवरून (मशीनला थेट जोडलेल्या पडद्यावरून) ‘आयपी ए’. सिस्टिमडी १९७ पासून, म्हणजे २०१३ पासून, कार्डाचं नाव ते कुठल्या स्लॉटमध्ये आहे यावरून ठरतं. नाव टिकावं म्हणूनच ती योजना केली, आणि बहुतेक वेळा टिकतंही. पण नव्या कर्नलमधला ड्रायव्हर पोर्टची जास्त माहिती द्यायला लागला की नावाला शेपूट फुटतं: काल ‘ईएनपी१एस०एफ०’ होतं, आज ‘ईएनपी१एस०एफ०एनपी०’. कॉन्फिग जुन्या नावाला पत्ता देत बसतं आणि त्या नावाचं कोणीच नसतं.

नवं नाव कॉन्फिगमध्ये लिहिलं की काम होतं. पक्का उपाय म्हणजे ‘/ईटीसी/सिस्टिमडी/नेटवर्क’मध्ये ‘.लिंक’ फाईल करून मॅक पत्त्यावरून तुमच्या पसंतीचं नाव देणं. नेटप्लॅन (उबंटूचं नेटवर्क मांडणारं साधन) असेल तर ‘ॲप्लाय’ऐवजी ‘ट्राय’ वापरा. १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर ते जुनी मांडणी परत आणतं.

७. फायरवॉल

‘टाइम्ड आउट’वाल्यांनी इथे यायचं. आधी ‘टीसीपीडंप’ लावून बघा, बाहेरून येणारं पॅकेट मशीनपर्यंत पोचतं का. पोचतच नसेल तर दोष मशीनच्या बाहेर आहे आणि इथले नियम उलटेपालटे करून उपयोग नाही. पोचतंय, सेवा ऐकते आहे, तरी उत्तर जात नाही, तर नियम बघायचे.

डेबियन १० पासून ‘आयपीटेबल्स’ ही फायरवॉलची आज्ञा आतून एनएफटेबल्स या नव्या यंत्रणेशी बोलते. जुन्या पद्धतीने चढवलेले नियम वेगळ्या खणात राहतात. दोन्ही खण एकाच वेळी लागू असतात, आणि तुम्हाला एकच दिसतो. ‘आयपीटेबल्स-सेव्ह’च्या आउटपुटमध्ये ‘लेगसी टेबल्स प्रेझेंट’ असा इशारा आला तर ‘आयपीटेबल्स-लेगसी-सेव्ह’ चालवा. आडवा येणारा नियम बहुतेक तिथे निघतो.

दुरून काम करताना एक शिस्त पाळा. नियम बदलण्याआधी जुने नियम फाईलमध्ये घ्या आणि ‘ॲट’ वापरून दहा मिनिटांनी ते आपोआप परत चढतील असं लावून ठेवा. सगळं ठीक असेल तर ते काम रद्द करायचं. हे मी शिकलो ते एका रात्री ‘आयपीटेबल्स -एफ’ (एफ मोठा) मारून. नियम पुसले गेले, पण मूळ धोरण ‘ड्रॉप’ होतं ते तसंच राहिलं. माझी स्वतःची जोडणी त्याच क्षणी गोठली. उरलेली रात्र कन्सोलजवळ कोण जाऊ शकेल हे शोधण्यात गेली.

८. हाताने चालते, रीबूटला पडते

जर्नलमध्ये ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस’ असेल तर सेवा विशिष्ट आयपीवर ऐकायला जाते तेव्हा तो पत्ता अजून मशीनवर आलेलाच नसतो. अपग्रेडनंतर बूट वेगवान झालं की ही शर्यत उघडी पडते. युनिटमध्ये (सेवेच्या सिस्टिमडी फाईलत) ‘आफ्टर=नेटवर्क.टार्गेट’ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्या टार्गेटचा अर्थ पत्ता मिळाला असा होत नाही. ‘नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’ लागतं, आणि ते ‘आफ्टर’ व ‘वॉन्ट्स’ (दोन्हींचं पहिलं अक्षर मोठं) दोन्हींत लिहावं लागतं. बदल ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ने करा, मूळ युनिट फाईलत नाही, ती पुढच्या अपग्रेडला पुसली जाते.

साधी शक्यता विसरू नका: सेवा ‘एनेबल’ केलेलीच नाही. ‘स्टार्ट’ आणि ‘एनेबल’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कधी थांबायचं

पुढीलपैकी काहीही दिसलं तर हात मागे घ्या आणि हे काम रोज करणाऱ्याला बोलवा:

- ‘डीमेसेज’मध्ये डिस्कच्या नावाने ‘आय/ओ एरर’, किंवा फाइलसिस्टिम अचानक फक्त वाचण्यापुरती झालेली. हा अपग्रेडचा बिघाड नाही, डिस्क जाते आहे. प्रत्येक प्रयोगाने डेटा आणखी धोक्यात येतो.
- लिबसी (जवळपास सगळ्या आज्ञा जिच्यावर चालतात ती लायब्ररी) अर्धवट बसलेली, ‘एलएस’सारख्या साध्या आज्ञाही चालत नाहीत. उघडं सत्र तसंच ठेवा.
- डेटाबेस सुरू होत नाही आणि तपासून पाहिलेला बॅकअप नाही.
- मशीन दूर आहे, कन्सोल नाही, आणि पुढची पायरी फायरवॉल किंवा इंटरफेसची आहे.
- अनोळखी प्रोसेस, अनोळखी की, तुम्ही न लिहिलेले क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं). मग हा समस्या निवारणाचा विषयच राहिला नाही. काही पुसू नका, मशीन नेटवर्कपासून तोडा.
- आवृत्ती वगळून उडी मारलेली आहे. बहुतेकदा नवं मशीन उभं करून डेटा हलवणं स्वस्त पडतं.

येणाऱ्याच्या हातात चार गोष्टी द्या: पहिल्या पायरीवर लिहून ठेवलेला शब्द, ‘जर्नलसीटीएल -बी’चा पूर्ण मजकूर, ‘/वार/लॉग/एपीटी/हिस्टरी.लॉग’, आणि बिघाड झाल्यापासून तुम्ही केलेल्या प्रत्येक बदलाची यादी, ज्याची लाज वाटते त्या बदलासकट.